मापाची पाटली

पौष लागला की सावित्री नदीवरचं धुकं सकाळी बाजारपेठेपर्यंत चढतं आणि माझ्या बोटांची टोकं हुळहुळायला लागतात. आता घरात शेगडी नाही, परात माळ्यावर पालथी पडलीय, तरी हुळहुळतात. डॉक्टरला दाखवलं तर म्हणाला, "वयानं होतं आजी." वयानं काय होतं आणि कशानं काय होतं हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यानं दिलेल्या गोळ्या घेतल्या आणि घराकडे निघाले.

वाटेत एका दुकानात हलव्याचे दागिने टांगलेले. खोक्यात घातलेले, वर चकचकीत कागद. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं तयार. मी कागद जरा बाजूला करून बघितलं. काटा कसला नि काय! नुसता गुळगुळीत साबुदाणा, वर साखरेचा हात फिरवलेला. दुकानदार म्हणाला, "घ्या की आजी, नातसुनेला होतील." म्हटलं, "हो बाबा, आधी नातू आण कुठून तरी, मग त्याला बायको बघ, मग दागिने." तो खो खो हसला. माझी थट्टा लोकांना लगेच कळते. तिच्यात खरं किती ते कळत नाही, आणि तेच बरं आहे.

'तिळगूळ घ्या, गोड बोला.' मला विचाराल तर या एका सणात जेवढं खोटं बोललं जातं तेवढं अख्ख्या वर्षात नाही. शिमगा त्यापेक्षा बरा. शिमग्यात निदान शिव्या तरी खऱ्या असतात.

हे मी असं कडवट का बोलते ते सांगायचं तर त्या एका पौषाबद्दल सांगायला हवं. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, बाजारात बाया अजून आणे-पैचा हिशेब बोटांवर घालून गोंधळायच्या, त्या दिवसांतला पौष. थंडी त्या वर्षी अशी पडली होती की सकाळी खोबरेल तेलाच्या बाटलीत काडी उभी राहायची. हलवा करणाऱ्या बाईला याहून चांगलं काय हवं! थंडी जितकी कडक तितका काटा टोकदार.

पण त्याच्या आधीचं.

माझं सासर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाखाली. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी, खाली ओढ्याकाठी थोडं भात, चार गुरं, खाऊनपिऊन सुखी घर. नवरा मुंबईला गिरणीत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही, पण माझं कारण निराळं आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसात मला हिवतापानं धरलं. पोटात होतं तेही त्या तापात गेलं. अंगावर नुसती कातडी उरली, केस मुठीनं गळायला लागले. तेव्हा सासू म्हणाली, "आनशे, चार दिस भावाकडं महाडला जाऊन ये. डाक्तर हाय तिकडं. बरी झालीस की न्यायला येतो."

सासूला मी आत्याबाई म्हणायची. निघताना आत्याबाईंनी माझ्या हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्या. आईनं स्वतःचं सोनं मोडून लग्नात घातलेल्या पाटल्या. "तापाची बाय तू, एस्टीत कोन कसा आसंल. हितं राहूं दे. आलीस की घाल." हात इतके वाळले होते की पाटल्या आपणच सुटून त्यांच्या ओच्यात पडल्या. मला तेव्हा त्यांची माया वाटली होती. सोन्याची काळजी करते म्हणजे माणसाचीही करत असेल, असं वाटायचं ते वय.

ताप गेला. केस परत आले. न्यायला कुणी आलं नाही. दादा पोलादपूरच्या बाजारात त्यांच्या गावचं कुणी भेटलं की निरोप धाडायचा. उलट निरोप यायचा: बघू, पेरणी होऊ दे. बघू, भात कापून होऊ दे. बघू, शिमगा होऊ दे. शेतकऱ्याच्या घरात कामाला अंत नसतो, त्यामुळे सबबीलाही नसतो. मी मात्र दर वेळी ते काम संपायची वाट बघायची. कुठं भात कापलेलं दिसलं की मनात म्हणायची, झालं, आता येतील.

दादाचं घर दोन खोल्यांचं. वहिनी काही वाईट नव्हती. पण दोन खोल्यांत बिऱ्हाड, त्यात नणंद, आणि ती कधी जाणार याचा पत्ता नाही. चांगुलपणालाही जागा लागते. एक दिवस ती म्हणाली, "वन्सं, हाताला काहीतरी लावून घ्या. नुसत्या दाराकडं बघत बसता, मला तुमच्याकडं बघवत नाय." ते तिनं रागानं म्हटलं की मायेनं, अजून मला ठरवता आलेलं नाही.

आमच्या मागच्या दाराला लागून दुर्गाकाकूंची पडवी. ब्राह्मणाची विधवा बाई, तांबडं लुगडं, डोईवरून पदर, जीभ तिखट. ब्राह्मणआळीतल्या कुणाही नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की हलव्याचे दागिने दुर्गाकाकूंकडून जायचे. काळं लुगडं नेसवून सुनेला ते साखरेचे दागिने घालायचे, हळदीकुंकू करायचं, हौस असेल तर फोटो काढायचा. आमच्या डोंगराकडच्या गावांत हे नव्हतं. आमच्याकडे तिळाचे लाडू, सुगडं आणि वाण, संपली संक्रांत.

तर दुर्गाकाकूंची एक अडचण होती. हलवा त्यांच्या हातचा चाले, हार, बाजूबंद चाले, पण मंगळसूत्र ओवायला सवाष्णीचा हात हवा. इतके दिवस त्यांची सून ओवायची, ती पुण्याला बिऱ्हाड करून गेली. आळीतल्या सवाष्णींना दुसऱ्याच्या दारात बसून ओवायला फुरसत नव्हती. मी रिकामी होते. आणि माझ्या गळ्यात काळे मणी होते. काकूंनी कुडाच्या पलीकडून विचारलं, "काय गं, नवरा आहे ना तुला?" मी म्हटलं, "आहे." "मग ये. मंगळसूत्र ओव. बाकीचं बघून शीक हवं तर."

अशी मी शिकायला लागले. माझी जात काकूंच्या चुलीला चालत नव्हती, म्हणून माझी शेगडी वेगळी, परात वेगळी, बसायची जागा पडवीच्या टोकाला. माझ्या हातचा हलवा त्यांच्या देवाला चालत नव्हता, आळीतल्या सुनांच्या गळ्याला चालत होता. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही असं म्हणणार नाही. घेतलं. पण शिकायची ओढ जास्त होती.

मोठेपणी नवं काही शिकणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. भाकरी, सारवण, लावणी, हे हातांनी लहानपणी न विचारता उचललेलं असतं. वाढलेला हात हट्टी. माझा तळवा भाकरी थापणारा, त्याला एकदम सांगायचं की तू गप्प बैस, आता फक्त बोटांच्या टोकांनी काम करायचं. तो ऐकतोय होय!

निखाऱ्यावर राख घालून आच मंद करायची. परातीत तीळ घ्यायचे, दुधाचा हबका मारून मळी काढलेला साखरेचा पाक त्यावर चमच्या-चमच्यानं टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचा. पुन्हा हलवणं. मी पहिल्या दिवशी घाईनं पाक ओतला. काकू ओरडल्या, "अगं बये, चमचाभर! तहानलेल्या म्हशीला पाजते आहेस का?" तोवर सगळ्याचं ढेकूळ झालं होतं. वहिनीनं ते बत्त्यानं फोडून चहाला वापरलं. महिनाभर आम्ही तीळ थुंकत चहा प्यालो. दादा म्हणाला, "आनशे, तू अजून थोडी शिकलीस तर घरातली साखर बंद करावी लागेल."

पोळलेल्या बोटांना रात्री तूप लावून झोपायची. सकाळी पुन्हा. असे किती तरी दिवस नुसते गुळगुळीत दाणे. काकू बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. ते "हं" ऐकून मला परात उचलून गटारात टाकावीशी वाटायची. आणि एका सकाळी, थंडी कडक होती, वारा अजिबात नव्हता, मी बोटं फिरवत होते आणि बोटांना काहीतरी टोचलं. वाकून बघितलं तर तिळावर काटा. बारीक, पांढरा, चहू अंगांनी फुटलेला. अगं आई गं! मला इतका आनंद झाला की मी परातीपासून तोंड फिरवून रडले. पाण्याचा थेंब पडला असता तर काटा बसला असता. लग्नात निघतानासुद्धा मी एवढी रडले नव्हते. एवढ्या सगळ्या वाट बघण्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्याकडे चालून आलं होतं.

पुढे माझं नाव झालं. काकूंचे डोळे अधू झाले तसं काम माझ्याकडेच यायला लागलं. तीळ, खसखस, लवंग, काकडीच्या बिया, प्रत्येकाचा काटा वेगळा, प्रत्येकाची जागा वेगळी. बांगड्यांची काकूंची एक रीत होती, ती त्यांनी मला दटावून शिकवली. बांबूच्या कामटीचं कडं करायचं, त्यावर हलवा बांधायचा, आणि कड्याला तोंड ठेवायचं नाही. "सवाष्णीची बांगडी उघडी नसते. बंद कडं. म्हणून माप नीट घ्यायचं. हातात गेली पाहिजे आणि तुटता कामा नये." ज्या घरात दागिने करायचे तिथून सुनेची एक बांगडी मापाला यायची.

लोक दागिने न्यायला मागच्या दारानं यायचे. हळदीकुंकवाचं बोलावणं पुढच्या दारानं जायचं, ते आमच्या वहिनीला. माझा नवरा जिवंत, कुंकू कपाळभर, तरी मला बोलावताना बायांची जीभ अडखळायची. टाकलेली बाई ना धड इकडची ना तिकडची. माझ्या हातचं मंगळसूत्र सुनेच्या गळ्यात शुभ, आणि मी समोर उभी राहिले की अशुभ. या हिशेबाचा मेळ मला कुणी घालून दाखवला तर मी त्याच्या पाया पडेन.

तरी मी सगळं सोसत होते, कारण माझ्या मनात एक होतं. दर वर्षी सगळ्यांत चांगला काटा आलेला हलवा मी ओंजळभर बाजूला काढून बरणीत भरायची. न्यायला येतील, सासरी जाईन, आणि पुढल्या संक्रांतीला माझे दागिने मी करीन. काळं लुगडं नेसेन. पोलादपूरच्या बाजारापर्यंत कुणी कधी घातले नसतील असे घालीन, आणि आत्याबाई म्हणतील, बघा आमची सून काय शिकून आली. एवढंच. हसू येतं आता. पण त्या बरणीवर मी किती वर्षं काढली!

मग तो पौष. सकाळची वेळ, धुकं अजून दारात. मी निखाऱ्यावर राख घालत होते. पुढच्या खोलीतून वहिनी धावत आली, तिचा चेहरा फुललेला. "वन्सं! आत्याबाई आल्यात तुमच्या! एकट्याच आल्यात, हातात पिशवी हाय."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. पौषात कुणी सून न्यायला येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्याला भूक लागलेली असते तो तिथी बघत नाही. मी पदर सारखा केला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि पुढे जाऊन पाया पडले.

आत्याबाई किती गोड बोलल्या त्या दिवशी! "बस गो माजे बाय. किती गोरी झालीस. महाडचं पानी मानवलं तुला." वहिनीनं चहात दूध जास्त घातलं. दादा कचेरीला निघालेला, तो चपला काढून परत आत बसला. आत्याबाईंनी गुरांचं सांगितलं, कुठली गाय व्याली, कुठली डोंगरावरून पडली. मी गायींची नावं विचारत होते. माझा आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. मग त्यांनी पिशवीत हात घातला, रुमालाची गाठ सोडली, आणि माझी पाटली बाहेर काढली.

एकच. पण माझी. आईनं सोनाराकडून वेलीची नक्षी घालून घेतलेली, एका जागी वेल जराशी चुकलेली. 'आलीस की घाल.' मी त्यांच्यापुढे हात केला. सून सासूपुढे करते तसा, मनगट वर करून.

आत्याबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. "नाय गो, घालाया नाय. माप हाय ता. हाताचं माप."

"कुणाच्या?"

"नव्या पोरीच्या. त्याचा मार्गेसरात लगीन केला आमी मुंबईला. पोरगी परळची हाय, शिकलेली. तिला पयल्या संक्रांतीला हलव्याचं पायजे, फोटू काडायचा हाय म्हनते. दोगं रजेवर येनार हायती. तुजा हात लय चांगला हाय म्हनतात सगली. म्हटलं भायेरच्याकडं कशाला जायाचा, आपला घरचाच मानूस हाय."

घरचंच माणूस.

माझा हात तसाच पुढे होता. तो मागे घ्यायचं मला सुचलं नाही. खोलीत माझ्याआधी वहिनीचा चेहरा पडला. तिला मी कधी जाणार याचं उत्तर मिळालं होतं. दादा म्हणाला, "आता दुसरं लगीन केलं तर गुन्हा आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?" आत्याबाई म्हणाल्या, "मंग जा की कोर्टात. कोन आडवतंय?" दादानं चपला घातल्या आणि कचेरीला निघून गेला. तेवढीच त्याची धाव. त्याला नावं ठेवत नाही मी. सरकारी नोकरी, घरात पोरं. पण विसरतही नाही.

मी म्हटलं, "करते."

लोकांनी पुढे याचे पुष्कळ अर्थ लावले. कुणी म्हणालं काय मोठं मन, कुणी म्हणालं काय निर्लज्ज बाई. दोन्ही खोटं. नाही म्हटलं असतं तर पाटली रुमालात बांधून परत गेली असती. हो म्हटलं तर ती माझ्याकडे राहणार होती. काम होईपर्यंत माप करणारणीकडेच राहतं. मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं.

धंद्याचं म्हणून एक विचारलं मात्र. "तिचा हात एवढाच आहे का? बंद कडं असतं, गेलं नाही तर तुटेल. तिची बांगडी आणा मुंबईहून." आत्याबाई हसल्या. "बायांच्या हातात काय फरक असतो गो? ही तुला झाली ना? मंग तिला न व्हायाला काय! तिला हीच घालायची हाय." नवीन बाई जुन्या बाईच्या मापात बसणार, यात त्यांना काही शंकाच नव्हती.

त्या वर्षीसारखा काटा मला पुन्हा कधी आला नाही. हे खरं सांगते. लोक म्हणतात, करणाऱ्याच्या मनातलं पदार्थात उतरतं. साफ चूक. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगितलं तर तुम्ही माझ्या हातचं पाणी पिणार नाही. मी बोटं फिरवत होते आणि मनातल्या मनात त्या घराच्या सात पिढ्यांना शिव्या देत होते. आणि परातीत दाणे फुलत होते, पांढरेशुभ्र, काट्यावर काटा. साखरेला कुणाचं मन कळत नाही. तिला थंडी लागते, मंद आच लागते आणि न थांबणारी बोटं लागतात. माझ्याजवळ त्या वर्षी तिन्ही होतं.

काकू पडवीत येऊन बसल्या. त्यांना दिसत नव्हतं फारसं. त्यांनी एक दाणा बोटांत धरून फिरवला. मी विचारलं, "काकू, आता मंगळसूत्र मी ओवायचं की नाही? मी आता कोण?" काकू म्हणाल्या, "नवरा जिवंत आहे ना? मग ओव." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझा मेला तेव्हा मला निदान कळलं तरी, की तो गेला." मग उठून आत गेल्या. त्या माझ्याशी एवढं मनातलं त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या आणि नंतरही नाही.

मंगळसूत्र ओवलं. स्वतःच्या सवतीचं. एकेक दाणा मोजूनमापून, काळ्या दोऱ्यात, मध्ये लवंगेच्या वाट्या. कंबरपट्टा केला, बिंदी केली, कामटीची बंद कडी त्या पाटलीच्या मापानं करून हलवा बांधला. सगळं सुपात मांडलं तेव्हा वहिनी बघायला आली आणि "अगं बाई" म्हणून तिथंच बसली. तिनं विचारलं, "एकदा घालून बघा ना वन्सं, तुमच्याच मापाचं हाय." मी तिला इतकं वाईट बोलले की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कारण मी घालून बघितलं होतं. ती पाणी भरायला गेली होती तेव्हा. कडी हातात अगदी बरोबर गेली, हलव्याचं कडं मापाहून जरासं सैलच करतात.

आणि पाटलीही घातली. वाळलेला हात इतक्या वर्षांत भरला होता, बोटं पाकानं सुजलेली. साबण लावून, दात ओठ खाऊन चढवली.

भोगीच्या आदल्या दिवशी आत्याबाई आल्या. सुपातले दागिने त्यांनी एकेक उचलून बघितले. मग म्हणाल्या, "द्येव तुला बरा करील गो. आनि माप?"

मी हात पुढे केला. पुन्हा तसाच, मनगट वर करून. "हे बघा. निघत नाही. निघत असेल तर काढून घ्या."

आणि त्यांनी ओढली हो! माझा हात मांडीवर घेऊन बसल्या आणि खरोखर ओढायला लागल्या. कातडी सोलली. मी तोंडातून आवाज काढला नाही. आत्याबाई वहिनीला म्हणाल्या, "साबन आन गो जरा." वहिनी दारात उभी होती. तिच्या मागं कोनाड्यात साबणाची नवी वडी होती, मला दिसत होती. वहिनी जागची न हलता म्हणाली, "साबन संपलाय."

आत्याबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं, दागिने उचलले आणि गेल्या. जाताना म्हणाल्या, "दुसरी हाय घरात. ती घालीन तिला." म्हण आहे, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझं उलट झालं. नाव टाकलेली, हातात सोन्याची पाटली. एकच, पण आहे.

त्या संक्रांतीला मी बरणीतला हलवा वहिनीच्या साखरेच्या डब्यात ओतला. इतक्या वर्षांचा निवडून ठेवलेला काटा. चहात घालून ढवळला की विरघळायचा. संपायला बरेच दिवस लागले.

लोक म्हणतात, हाताला छंद असला की माणूस दुःख विसरतो. मी नाही विसरले. छंदानं मला एवढंच दिलं की दुःख करत बसायला एक जागा दिली, शेगडीपुढची, थंडीत ऊब देणारी. हे काही थोडं नाही. पण कुणी त्याला समाधान वगैरे म्हणायला लागलं की मला उठून जावंसं वाटतं.

पुढे काही वर्षांनी, असाच पौष, मी एस्टी स्टँडवर वहिनीच्या भावाला पोचवायला गेले होते. पोलादपूरकडून गाडी आली. तिच्यातून एक बाई उतरली, पत्र्याची ट्रंक घेऊन. मुंबईची गाडी इथून बदलायची होती तिला. बाई अंगानं थोराड, हाताचा पंजा रुंद, चेहरा ओढलेला. ती बाकावर माझ्या शेजारी बसली. मी तिच्या हाताकडे बघितलं आणि तिनं माझ्या. तिच्या डाव्या हातात, करंगळीच्या बाजूनं पंजा चेपून चढवलेली असावी अशी घट्ट, वेलीच्या नक्षीची पाटली होती.

ती आधी बोलली. "तुम्हीच ना त्या? हलव्याच्या?"

मी मान हलवली.

"फार सुंदर होते हो दागिने. आमच्या चाळीत बायका फोटो बघायला यायच्या." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बांगडी मात्र गेली नाही हातात. सासूबाईंनी जोर करून चढवली, तर तुटली. सगळ्या बायका बघत होत्या. सणाच्या दिवशी, पहिल्या संक्रांतीला बांगडी फुटली. तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची; त्यांची रजा संपली तशी मला गावीच ठेवलं. गाय मेली तरी मी, पाऊस गेला तरी मी. आणि मूल नाही झालं, मग तर काय."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. खोटं कशाला बोलू, अगदी आत कुठं तरी उकळी फुटली. पण ती वर यायच्या आत माझी नजर पुन्हा तिच्या मनगटावर गेली. पाटलीखाली कातडीवर वळ होता, कायमचा, काळा पडलेला. माझ्या मापानं तिचं मनगट इतकी वर्षं आवळलं होतं. हा हात काही माझा वैरी नव्हता. तो फक्त माझ्यापेक्षा मोठा होता.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"माहेरी. परळला." तिनं ट्रंकेच्या कडीवरून बोट फिरवलं. "जरा बरं वाटत नव्हतं. म्हणाल्या, चार दिवस जाऊन ये. शिमगा झाला की न्यायला येतील."

बोलता बोलता ती पाटली फिरवायला लागली, ओढायला लागली. "ही तुमचीच ना? त्या काढून घेणार होत्या, पण निघेना. तुम्ही ठेवा. जोड होईल तुमची."

मी तिचा हात धरून थांबवला. तिचा हात मी धरला तो तेवढा एकदाच. म्हटलं, "राहू दे. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. कुणी कितीही ओढली तरी देऊ नकोस. त्या घरात पाटली राहिली की ती तिसरीच्या मापाला जाईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला समजलं की काय, तिचे डोळे भरले. पण तिनं पदर तोंडाला लावून स्वतःला सावरलं. मुंबईची बाई, स्टँडवर रडणार नाही. थोड्या वेळानं काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "ते हलव्याचं काम... शिकायला किती दिवस लागतात हो?"

मुंबईची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी तिची ट्रंक उचलून तिच्या हातात दिली.

म्हटलं, "न्यायला येईपर्यंत येतं शिकून."